गाठ सोडली तो दिवस

माझी गावदेवीवरची श्रद्धा एके काळी माझ्या ब्लडप्रेशरसारखीच वागायला लागली होती. घरून निघताना चांगली असायची आणि डायलिसिसच्या मशीनवर तिसरा तास लागला की खाली यायची. हे लिहायला आज मला लाज वाटत नाही. वाटायची ती तेव्हा वाटून झाली. देवीसमोर हात जोडताना 'तू आहेस ना गं नक्की?' असं मनात येऊन जायचं आणि मी घाईघाईने डोळे मिटून घ्यायची. डोळे मिटले की तिला माझ्या मनातलं दिसणार नाही, असा काहीतरी माझा भाबडा समज असावा.

आमचं घर निडीला. भाताची शेती, भात निघालं की त्याच जमिनीत वाल. हे रोह्याला कंपनीत, शिफ्टमध्ये. मुलगी लग्न होऊन गेलेली, घरात आम्ही दोघं आणि सासू-सासरे. मला वाढलेलं प्रेशर कित्येक वर्षांपासून होतं, पण ते मी कधी मनावर घेतलं नाही. डोकं दुखलं की कपाळाला बाम लावायचा आणि कामाला लागायचं, एवढंच मला ठाऊक. त्या प्रेशरने आतल्या आत माझ्या दोन्ही किडन्या खाल्ल्या. वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी मी मशीनला लागले. जवळपास कुठे जागा रिकामी नव्हती, पेणच्या एका केंद्रात मिळाली. मंगळवार, गुरुवार, शनिवार सकाळची गाडी धरायची, पेणला उतरायचं, चार तास मशीनवर पडायचं आणि दुपारच्या गाडीने परत यायचं.

ज्यांनी हे पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही. किडन्या थांबल्या की लघवी होत नाही. प्यालेलं पाणी, भाजीतलं, आमटीतलं पाणी सगळं अंगातच राहतं. दोन दिवसांत दोन किलो वजन वाढलं तर ते दोन किलो पाणीच. म्हणून डॉक्टर प्रत्येकाचं एक वजन ठरवून देतात, पाणी काढून टाकल्यावर माणूस जेवढा भरायला हवा तेवढं. माझं सेहेचाळीस किलो ठरलं होतं. गेल्या गेल्या काट्यावर उभं राहायचं, अठ्ठेचाळीस भरले तर मशीन दोन किलो पाणी ओढणार. कमी ओढलं तर ते फुप्फुसात साचतं आणि धाप लागते. जास्त ओढलं तर नसांत रक्त कमी पडून प्रेशर कोसळतं. आमच्या लोकांचं सगळं जगणं त्या काट्यावरच्या आकड्यावर उभं असतं.

पहिले तीन महिने माझं बरं चाललं होतं. मग एका मंगळवारी मी देवीचा उपवास धरला, सकाळची प्रेशरची गोळी रिकाम्या पोटी घेतली आणि तशीच मशीनवर जाऊन झोपले. प्रेशर पडलं. वैशाली सिस्टर, म्हणजे तिथल्या मुख्य सिस्टर, पक्क्या पेणकर आणि तोंडाने तिखट. त्यांनी माझी अशी खरडपट्टी काढली की बाजूचे पेशंटसुद्धा उठून बसले. "मावशी, देवीला उपाशी बायका आवडतात असं कुणी सांगितलं तुम्हाला? सकाळची गोळी डायलिसिस झाल्यावर घ्यायची आणि पोटभर खाऊन यायचं." मी मान डोलावली. तेवढ्यावर ते मिटायला हवं होतं.

पण घरी येऊन मी ते सासूबाईंना सांगितलं. सासूबाई सत्तरी ओलांडलेल्या, सासरे अजून खुटखुटीत, त्यामुळे गावातल्या पाच सवाष्णींत पहिला पाट अजूनही त्यांचाच. मला शुद्ध हरपल्यासारखं झालं हे त्यांनी फार मनाला लावून घेतलं. गुरुवारी सकाळी मी निघाले तर त्या सुपात तांदूळ घेऊन देव्हाऱ्यापाशी उभ्या. म्हणाल्या, "पदर पुढं कर गो. बाई मानूस जीवावरच्या कामाला निघालं की भरल्या ओटीनं निघतं. माझ्या बाळंतपनांना माझ्या आयशीनं ह्येच केलं आनि माझी चारी पोरं जगली." तांदूळ, हळकुंड, सुपारी, वर खण. पदराला गाठ मारून त्यांनी ती माझ्या कमरेला खोचली आणि बजावलं, "घरी येईस्तवर गाठ सोडायची नाय. भुईला टेकवायची नाय."

आता सांगा, अशा बाईला नाही कोण म्हणणार? मी तर तेव्हा घाबरलेलीच होते, मला उलट बरं वाटलं. पोटाशी काहीतरी भरलेलं आहे, आपण एकट्या नाही, असं वाटायचं. केंद्रात एसीचा गारवा असतो म्हणून मी वरून शाल पांघरायची. तशीच काट्यावर उभी राहायची, तशीच झोपायची, चार तासांनी तशीच पुन्हा वजन द्यायची. एकदा सिस्टरांनी विचारलंही, "पोटाशी काय गं मावशी?" मी म्हटलं, "देवीचा प्रसाद." त्यांनी हात जोडले आणि पुढच्या पेशंटकडे वळल्या.

आणि तिथून पुढे माझं प्रेशर पडायला लागलं. एखाद्या वेळी नाही, दर वेळी. आधी जांभया यायच्या. मग कानांत कापूस कोंबल्यासारखं व्हायचं, पोटऱ्यांत गोळे यायचे, घाम फुटायचा आणि समोरची भिंत काळी पडायची. ऐंशी-पन्नास, कधी सत्तर-चाळीस. सिस्टर धावत यायच्या, बेडचं डोकं खाली, पाय वर, सलाईन चालू. घरी आले की दुसऱ्या दिवशीपर्यंत उठवत नसे. घसा कोरडा पडलेला, उभी राहिले की घेरी, ब्लाऊज खांद्यावरून उतरायला लागलेले. सगळे म्हणायचे आजाराने बाई खंगली. मलाही तेच वाटायचं.

डॉक्टरांनी त्यांच्या परीने सगळं केलं. गोळ्या कमी केल्या, मग बंदच केल्या. मशीनचं पाणी गार ठेवून पाहिलं, पाणी हळू ओढून पाहिलं. शेवटी ठरवलेलं वजन अर्ध्या किलोने वाढवलं. पण माझं प्रेशर पडतंय म्हटल्यावर इकडे सासूबाईही स्वस्थ बसल्या नव्हत्या. देवी कमी पडतेय म्हणजे आपलंच काही कमी पडतंय, असा त्यांचा सरळ विचार. पाच मुठी तांदळाचा मापभर तांदूळ झाला. नंतर त्यात सोललेला, शेंडीचा नारळ आला. मी जितकी खचत होते तितकी माझी ओटी भरत होती. हे आज लिहिताना मला हसू येतं आणि डोळ्यांत पाणीही येतं. त्या वेळी मात्र यातलं काहीच आमच्या कुणाच्या ध्यानात नव्हतं.

माझ्या शेजारच्या बेडवर एक निवृत्त मास्तर असायचे. त्यांचंही प्रेशर असंच पडायचं, त्यांचं हृदय आधीपासून कमजोर होतं. एका शनिवारी ते आले नाहीत. मंगळवारी तिथे दुसऱ्याच माणसाची चादर होती. त्याच दिवशी मी पॅसेजमधलं बोलणं ऐकलं. डॉक्टर ह्यांना सांगत होते, "दर वेळी प्रेशर पडतं तेव्हा हृदयाला रक्त कमी मिळतं. आठवड्यातून तीनदा ते असा मार खातंय. हे थांबलं नाही तर हृदय फार दिवस साथ देणार नाही." ह्यांनी विचारलं, "म्हंजे किती दिवस?" डॉक्टरांनी ह्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

गाडीत मी ह्यांना म्हटलं, आता पुरे. मशीनवर मरण्यापेक्षा घरी मरेन. हे खिडकीतून बाहेर बघत राहिले. कासू गेलं, नागोठणं गेलं. निडीला उतरल्यावर म्हणाले, "ह्यो एक गुरुवार जा. मंग तू म्हनशील तसं." मी हो म्हटलं. मनात मी तो शेवटचा गुरुवार धरून चालले होते. देवीलाही मी तेच सांगितलं. विनवणी केली नाही, रागावून सांगितलं, की तुझ्याच्याने होत नसेल तर तसं म्हण, मी वाट बघणं सोडते.

त्या गुरुवारी ह्यांची पहिली शिफ्ट बदलून मिळाली नाही, सासऱ्यांना ताप म्हणून सासूबाईंना निघता येईना. मी एकटीच निघाले. ह्यांनी दुपारी शिफ्ट सुटल्यावर थेट पेणला न्यायला यायचं ठरलं. सासूबाईंनी ओटी भरली, त्या दिवशी जरा जास्तच वेळ लावून. गाठ मारताना त्या माझ्याकडे बघत नव्हत्या.

पेणला उतरले तेव्हाच मला गरगरत होतं. फलाटावरच्या बाकावर मी टेकले. बाकाच्या दुसऱ्या टोकाला एक माझ्याच वयाची बाई आणि तिची गरोदर लेक बसली होती. लेक हमसून हमसून रडत होती. मी विचारलं तसं ती बाई बोलायला लागली. खाडीकडची माणसं, मिठागरावर काम करणारी. मुलीला आठवा चालू होता. सकाळी तपासायला नेलं तर डॉक्टरांनी सांगितलं, पोटातलं पाणी कमी झालंय, आजच्या आज पनवेलला मोठ्या दवाखान्यात न्या, कदाचित आजच बाळ काढावं लागेल. जावई कंपनीतून परस्पर पनवेलला पोचणार होता. माझं पाणी काढत होते आणि हिचं पाणी कमी झालं होतं. देवाचं वाटप कसं असतं बघा, असं माझ्या मनात आलं.

"पनवेलला चांगले डॉक्टर आहेत, काळजी करू नको," असं मी मुलीला म्हटलं. तर ती आणखीच रडायला लागली. तिची आई पदराने डोळे पुसत म्हणाली, "तिला डॉक्टरचं भेव नाय गो बाय. तिची ओटी नाय भरली. सातव्यात भरायची व्हती. पन तवाच मिठाचा हंगाम लागला, म्हटलं आगरावरचं मीठ वडून होऊ दे, मंग चार बाया बोलवून भरू. उद्या-उद्या करत रायली. आता पोरगी रिकामे ओटीची निंगाली. माझीच चूक हाय." आणि मग तिची नजर माझ्या पोटाशी गेली. तिने मागितलं काही नाही. नजर लगेच बाजूलाही घेतली. त्या नजर बाजूला घेण्यानेच मला जास्त लागलं.

खरं सांगते, पहिल्यांदा मी शाल पुढे ओढून ओटी झाकली. माझी ओटी म्हणजे माझा जीव होता. घरी जाईपर्यंत गाठ सोडायची नाही हे मला इतकं पक्कं बजावलेलं, की आज इथे गाठ सोडली तर मी त्या मशीनवरून उठणार नाही याबद्दल माझ्या मनात जराही शंका नव्हती. पलीकडच्या फलाटावरून माणसं इकडे यायला लागली, पनवेलकडची गाडी येत होती. मुलगी आईच्या खांद्याला धरून उठली. उठताना तिने दोन्ही हात पोटाखाली धरले, आणि ते हात बघून मला माझ्या मुलीच्या वेळचे माझे हात आठवले. मी मनात देवीला म्हटलं, मी तर आज नाहीतर उद्या जाणारच आहे. हिचं अजून सगळं व्हायचंय. तू माझ्यापाशी राहून काय करणार, जा हिच्याबरोबर.

मी गाठ सोडली. सासूबाईंची गाठ सुटता सुटत नव्हती, शेवटी दातांनी सोडवली. मुलीने ड्रेस घातला होता, तिने ओढणी पसरली. मी माझ्या कपाळाचं कुंकू बोटाला घेऊन तिच्या कपाळाला टेकवलं आणि तांदूळ, नारळ, हळकुंड, सुपारी, खण, सगळं ओंजळीने तिच्या ओढणीत घातलं. तिच्या आईने माझे पाय धरायला वाकायला घेतलं, मी तिला धरून उभं केलं. गाडी आली, त्या दोघी चढल्या. मुलगी दारातून वळून बघत होती. तिचं नाव मी विचारलं नाही आणि तिनेही माझं विचारलं नाही. पुढे तिचं काय झालं मला माहीत नाही. रोज संध्याकाळी दिवा लावताना मी तिच्यासाठी आणि तिच्या बाळासाठी दोन शब्द बोलते, ते तिला पोचत असतील असं धरून चालते.

रिक्षात बसले तेव्हा पोटाशी रिकामं रिकामं वाटत होतं. भीती होती, पण गेल्या कित्येक दिवसांत डोक्यात सतत चाललेला तो झगडा, देवी आहे की नाही, ऐकते की नाही, तो थांबला होता. देण्यासारखं होतं ते देऊन झालं, आता माझ्या हातात काही नव्हतं. काट्यावर उभी राहिले. सेहेचाळीस आठशे. वैशाली सिस्टरांनी आकडा पुन्हा पाहिला. एरवी मी अठ्ठेचाळीसच्या वर भरायची. "मावशी, दोन दिवस पाणी बंद केलं होतंत काय? तीनशे ग्रॅमच काढायचंय तुमचं." मला वाटलं माणूस जायचा असला की हलका होत असेल.

सुया लागल्या, मशीन सुरू झालं. मी डोळे मिटून म्हटलं, आता तुझं तू बघ. एक तास गेला, एकशे तीस. दुसरा गेला, एकशे अठ्ठावीस. तिसरा तास लागला आणि मी जांभईची वाट बघायला लागले. जांभई आली नाही. पोटऱ्या शांत, कान मोकळे. समोरच्या भिंतीवरचं घड्याळ मला स्पष्ट दिसत होतं आणि त्यातला सेकंदकाटा किती हळू चालतो ते मी पहिल्यांदाच पाहिलं. सिस्टर दर पंधरा मिनिटांनी येऊन पट्टा फुगवून बघत होत्या, त्यांचाही विश्वास बसत नव्हता. शेवटच्या वेळी त्यांनी मोठ्याने आकडा वाचला, "एकशे चोवीस, ऐंशी," आणि पलीकडच्या बेडवरच्या चाचांनी हात वर करून "माशाल्ला" म्हटलं. मी उठून बसले. कुणी धरलं नाही, धरायची गरजच पडली नाही.

हे दुपारी न्यायला आले तर मी केंद्राच्या गेटबाहेर टपरीवर उभी राहून अर्धा कप चहा पीत होते. ह्यांचा चेहराच उतरला. मी डायलिसिस न करताच बाहेर आले असं त्यांना वाटलं. मी म्हटलं, "झाला. पूर्ण चार तास. आणि शनिवारी पण यायचंय मला." ह्यांनी माझ्या हातातला कप घेऊन उरलेला चहा पिऊन टाकला आणि तोंड फिरवून बराच वेळ चष्मा पुसत राहिले.

सासूबाईंनी दारातच विचारलं, "ओटी कुठं?" मी म्हटलं, "देवीनं घेतली." खोटं बोलले असं मला वाटलं नाही, आणि सगळं खरं सांगायचं धाडसही झालं नाही. माझा चेहरा बघूनच त्या खूष होत्या. शनिवारी सकाळी त्यांनी दुप्पट उत्साहाने ओटी भरली. मापभर तांदूळ, नवा नारळ, सगळं.

त्या शनिवारी काटा म्हणाला, एकोणपन्नास नऊशे. वैशाली सिस्टर कमरेवर हात ठेवून माझ्यासमोर उभ्या राहिल्या. "गुरुवारी इथून जाताना साडेसेहेचाळीस होतात. दोन दिवसांत तीन किलो चारशे? मावशी, मडकंभर पोपटीच्या खारट शेंगा खाल्ल्यात की लोणच्याची बरणी रिकामी केलीत? खरं सांगा." मी शपथेवर सांगायला लागले की मी मीठ चाटलंसुद्धा नाही, पाणी मोजून पितेय, आणि शपथ घ्यायला म्हणून हात पोटाशी नेला. ओटीवर. माझा हात तिथेच राहिला. गुरुवारी ही नव्हती. गुरुवारी वजन कमी भरलं होतं. मी शाल बाजूला केली, गाठ सोडली, आणि पदरातलं सगळं सिस्टरांच्या ट्रेमध्ये ओतून ट्रेसकट काट्यावर ठेवायला सांगितलं. त्यांनी आधी तसाच दुसरा रिकामा ट्रे ठेवून त्याचं वजन पाहिलं, मग भरलेला ठेवून ते वजा केलं. एक किलो सहाशे.

सिस्टर खुर्चीत बसल्या. दर वेळी ते मशीन नारळ आणि तांदळाचं वजन पाणी समजून माझ्या अंगातून ओढत होतं. जाताना पुन्हा ओटीसकट काट्यावर उभी राहिले की आकडा बरोबर जुळायचा, म्हणून कुणाला संशय नाही. माझं खरं वजन दीड किलो खाली गेलं होतं आणि माझं बिचारं हृदय त्या कोरड्या नसांमधून रक्त फिरवायला धडपडत होतं. सिस्टरांच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हणाल्या, "मी विचारलं होतं तुम्हाला. प्रसाद म्हणालात आणि मी हात जोडून गेले. मी बघायला हवं होतं." मी म्हटलं, "तुम्ही देवीला हात जोडलेत, त्यात चूक कसली?" त्या दिवशी त्यांनी स्वतः माझ्याजवळ बसून डायलिसिस केला. प्रेशर एका जागेवर राहिलं. आणि त्या दिवशीपासून तिथे दाराशी पाटी लागली की काट्यावर चढण्याआधी अंगावरचं, कमरेचं, पदरातलं सगळं बाजूला ठेवावं.

सगळ्यांत कठीण होतं ते घरी सांगणं. मी ते हळू सांगितलं, हसत सांगायचा प्रयत्न केला. सासूबाई वाल सोलत होत्या. त्यांचे हात थांबले. "म्हंजे तुला मीच मारत व्हते," एवढंच बोलल्या. त्यानंतर दोन दिवस त्या देवळात गेल्या नाहीत, देव्हाऱ्यासमोर बसल्या नाहीत, जेवल्यासुद्धा धड नाहीत. मी त्यांच्या पायांशी जाऊन बसले, तुम्ही मला जपत होतात म्हटलं, पण त्यांच्यापर्यंत काही पोचत नव्हतं. तेव्हा मी त्यांना फलाटावरचं सगळं सांगितलं, जे लपवलं होतं ते. खाडीकडची बाई, रडणारी पोर, मिठाच्या हंगामामुळे राहून गेलेली ओटी. त्या ऐकत राहिल्या.

सोमवारी संध्याकाळी त्या स्वतःहून माझ्याजवळ आल्या. म्हणाल्या, "त्या बाईला मिठाचा हंगाम आडवा आला, तो उगा नाय आला. तू मला इचारलं असतंस, तर मी जीव गेला तरी गाठ सोडू दिली नसती. डॉक्टर म्हनाला असता तरी नाय. म्हनून देवीनं मला इचारलंच नाय." मी ह्यावर कधी वाद घातला नाही. सिस्टर म्हणतात तो योगायोग, डॉक्टर म्हणतात वजनाची चूक, आणि दोघंही खरं बोलतात. पण मी स्वतःच्या अकलेने ती गाठ जन्मात सोडली नसती, हेही तितकंच खरं आहे. कुणीतरी ती माझ्याकडून सोडवून घेतली.

मंगळवारी सासूबाई माझ्याबरोबर पेणला आल्या. ओटी त्यांच्या स्वतःच्या पदरात होती. सिस्टरांना म्हणाल्या, "आता हिला तोला माझ्यासमोर." माझं वजन झालं, आकडा त्यांनी दोनदा विचारून घेतला. मग चार तास बाहेरच्या बाकावर त्या भरला पदर मांडीवर घेऊन बसून राहिल्या. मी उतरले, पुन्हा वजन दिलं, आणि मग तिथेच, सगळ्या पेशंटांसमोर, त्यांनी माझी ओटी भरली. चाचांनी टाळी वाजवली, मग सगळ्यांनीच. शाळेची पायरी न चढलेल्या माझ्या सासूला आता प्रेशरचा वरचा आणि खालचा असे दोन्ही आकडे कळतात. मी पेणला पोचून वजन दिलं की घरी हे मला फोन लावून त्यांच्या कानाला धरतात आणि त्या पहिला प्रश्न हाच विचारतात, "किती भरलं गो?"

मला मशीनवर आता पाचवं वर्ष चालू आहे. गेल्या तपासणीत डॉक्टरांनी हृदयाची सोनोग्राफी केली आणि पडद्याकडे बघत म्हणाले, "हे सुधारलंय. चांगलं सुधारलंय." मी गेल्या हंगामात वाल उपटायला शेतात उभी राहिले, दुपारपर्यंत. माझ्या किडन्या काही परत आल्या नाहीत, येणारही नाहीत, आणि तसं मागणंही मी सोडून दिलंय. श्रद्धा म्हणजे जे धरलंय ते घट्ट धरून ठेवणं, असं मी इतकी वर्षं समजत होते. देवी मात्र मी हात मोकळे करायची वाट बघत होती. तिच्या मनात असेल तेवढे दिवस ती देईल, आणि देतेय तोवर मी ते आनंदाने घेणार आहे, रडतखडत नव्हे.

आज गुरुवार. मशीनवरून उतरले तेव्हा एकशे सव्वीस, अठ्ठ्याहत्तर होतं. मी हात जोडले, चपला घातल्या आणि कुणाचाही हात न धरता स्टेशनपर्यंत चालत गेले.